जुना फ्लॅट, डागडुजी आणि वरचं कर्ज: टोकन देण्याआधी करायचा हिशेब

कोथरूडमधला तो फ्लॅट आम्ही भर जुलैत बघितला. १९८७ची इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. एजंटचं पालुपद एकच, "रंगकाम केलं की झालं बघा." आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी काही न बोलता खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं बाल्कनीच्या तुळईवर टकटक करत निघाले. टक, टक, टक आणि मग एकदम ढब. "इथं पोकळ आहे." थोडं पुढं सरकून पुन्हा ढब. दीड हात लांबीत सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सुटलेलं होतं आणि वर ताजा डिस्टेंपर फासला होता.

एजंट मोबाइलमध्ये बघायला लागला.

तो फ्लॅट शेवटी आम्ही घेतला, दुरुस्तीसाठी कर्जही काढलं. पण मधल्या दोन महिन्यांत जो हिशेब घातला, तो आधी कुणी शिकवला असता तर बरं झालं असतं. जुन्या घराच्या दुरुस्तीचं कर्ज म्हटलं की माणूस बँकेत जाऊन पहिल्यांदा व्याजदर विचारतो. माझ्या मते तो चौथा प्रश्न आहे. इमारत अजून किती वर्षं उभी राहणार, कोणतं काम कुणाच्या खिशातून व्हायला हवं आणि केलेलं काम किती वर्षं टिकणार, हे तीन प्रश्न त्याच्या आधीचे. कर्जाची मुदत कामाच्या आयुष्यापेक्षा लांब असेल, किंवा कामाचं आयुष्य इमारतीच्या आयुष्यापेक्षा लांब असेल, तर दर कितीही कमी असला तरी तो पैसा पाण्यात.

आधी बघा, हातातले पैसे कुठं संपतात

दुरुस्तीसाठी कर्ज का लागतं? बहुतेकांना वाटतं, दुरुस्ती महाग असते म्हणून. खरं कारण असं की बचत त्याआधीच नोंदणी कार्यालयात संपलेली असते.

आमचे आकडे थोडे गोल करून सांगते. करार ७२ लाखांचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ५७.६ लाख. राहिले १४.४ लाख, ते आपले. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के (खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर १ टक्का सवलत), म्हणजे ५ लाख ४ हजार. नोंदणी फी ३० हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक घराच्या किमतीत धरत नाही. एजंटची दलाली आणि वकिलाची फी वेगळी. वीस लाख रोख गेले आणि अजून एक टाइलही उखडलेली नाही.

म्हणून दुरुस्तीचा विचार खरेदीबरोबरच करायचा, चावी हातात आल्यावर नाही. विक्रेत्याकडून दोन लाख कमी करून घेणं हे दोन लाखांच्या कर्जापेक्षा केव्हाही स्वस्त. मिस्त्रींच्या 'ढब'वर आम्ही ७४चे ७२ केले.

इमारत आधी, फ्लॅट नंतर

सोसायटीच्या सेक्रेटरींकडं बसा. चहा घ्या, घाई करू नका आणि या चार गोष्टी विचारा.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची इंजिनिअरकडून तपासणी, कधी झालं? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. अहवाल नुसता 'झालाय' असं ऐकून उठू नका, वाचायला मागा. मुंबई आणि परिसरात इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ अशी वर्गवारी करतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडायचा, सी-२बी म्हणजे माणसं न हलवता सांगाड्याची दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. पहिल्या दोन वर्गांतल्या इमारतीत आतल्या सजावटीसाठी कर्ज काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पुनर्विकासाचं काय चाललंय? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि याचं उत्तर नेहमी गुळमुळीत मिळतं. "बोलणी चालू आहेत" याचा अर्थ दोन वर्षंही होतो आणि वीस वर्षंही. त्यामुळं बोलण्यावर न जाता कागद बघा. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) किंवा मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर करून देत नसेल तेव्हा सरकारी आदेशानं होणारं) झालंय का? सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का? प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमलाय का? निविदा निघाल्यात का? ठराव आणि सल्लागार दोन्ही झाले असतील तर घर राहण्याजोगं करा, त्यापलीकडं एक रुपया घालू नका. पुनर्विकासात नवा फ्लॅट जुन्याच्या चटई क्षेत्रावर ठरतो. तुमच्या किचनला ग्रॅनाइट होता की कडप्पा, हे बिल्डर विचारत नाही. इमारत पडते आणि हप्ता तेवढा उभा राहतो.

दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे? उपविधींप्रमाणे दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठीची राखीव ठेव) किमान ०.२५ टक्के दरवर्षी जमा व्हायला हवेत. जुन्या सोसायट्यांत हा 'बांधकाम खर्च' १९८७चाच धरलेला असतो. मग तिजोरीत इमारतीच्या एका बाजूला रंग लावण्याइतकेही पैसे नसतात, आणि तुम्ही राहायला गेल्यावर पहिल्याच वर्षी माणशी दीड लाखाची वर्गणी निघते. ती रक्कम तुमच्या दुरुस्तीच्या अंदाजात आत्ताच धरा.

चौथा प्रश्न साधा: वरच्या मजल्यावर कोण राहतं, आणि त्यांचं सोसायटीशी जमतं का? गळतीची अर्धी भांडणं या एका माणसावर अवलंबून असतात.

पावसात बघा, आणि खालच्यांच्या घरीही जा

जुनं घर फेब्रुवारीत बघणं म्हणजे मुलगा फक्त लग्नाच्या फोटोत बघण्यासारखं. जुलै-ऑगस्टमध्ये जा, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर जा.

बाथरूमच्या छताला पिवळट-तांबूस वलय दिसलं तर वरच्या बाथरूमची गळती आहे. तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीच्या दिशेनं सरळ चीर असेल आणि तिच्यातून तांबडे ओघळ आले असतील, तर आतली सळई गंजते आहे. गंजलेली सळई फुगते आणि कव्हर बाहेर ढकलते, त्यामुळं वरून पुट्टी भरून काही होत नाही. ती वर्षभरात परत सुटते. तिथं सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरचं काम करावं लागतं आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सांगण्यावरूनच. जुन्या घरात एकाच खोलीला नवं पीओपीचं खोटं छत दिसलं, तर आधी विचारा की त्याच्या वर काय झाकलंय. माळ्यावर मात्र कुणी रंग मारत नाही, त्यामुळं टॉर्च घेऊन माळ्यात डोकं घाला. घराचा खरा रंग तिथं दिसतो.

नळ सोडा. पहिलं पाणी तांबूस आलं तर आत जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आहेत आणि ते बदलायचे म्हणजे भिंती फोडायच्या. मीटरजवळचा बोर्ड उघडून बघा, पोर्सिलीनचे फ्यूज असतील आणि अर्थिंग नसेल तर पूर्ण वायरिंग धरा. आता दोन एसी, गीझर आणि इंडक्शन लावणार असाल तर मंजूर वीजभार वाढवावा लागेल, तोही अर्ज धरा.

मग एक मजला खाली उतरा आणि बेल वाजवा. "आम्ही वरचा फ्लॅट घेतोय, तुमच्या बाथरूमचं छत बघू का?" एवढं विचारायला लाज वाटते, पण आम्हाला घराची सगळ्यांत खरी माहिती तिथंच मिळाली. खालच्या काकूंनी प्लास्टिकची बादलीच दाखवली. सहा वर्षं ती आमच्या होणाऱ्या बाथरूमखाली ठेवलेली होती.

कुणाचं काम, कुणाचा खिसा

आदर्श उपविधींत ही वाटणी बरीच स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइन, जिने, टाक्या ही सोसायटीची जबाबदारी. संडास-बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती सभासदाची. बाल्कनीची तुळई इमारतीच्या सांगाड्याचा भाग म्हणून आमच्या सोसायटीनं ते काम निधीतून करायचं मान्य केलं, पण लेखी मिळायला तीन महिने गेले. उलट खालच्या काकूंची बादली आमच्या वाट्याला आली. जी कामं सोसायटीनं करायची ती तुमच्या कर्जाच्या अंदाजपत्रकात शिरता कामा नयेत. लोक घाईत गच्चीचं वॉटरप्रूफिंग स्वतःच्या पैशानं करून टाकतात आणि मग वसुलीसाठी फिरत बसतात.

आतल्या भिंती पाडून हॉल मोठा करायचा विचार असेल तर थांबा. आधी ती इमारत आरसीसी खांबांवर आहे की भिंतींवरच भार आहे, हे इंजिनिअरकडून समजून घ्या. भारवाहक भिंतीला हात लावायचा नसतो, मग ठेकेदार कितीही "होऊन जाईल" म्हणो.

यादी दोन भागांत करा

अंदाजपत्रक आलं की एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडं ओल, गंज, पाणी आणि वीज, म्हणजे वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरिंग, सुटलेलं प्लॅस्टर, कुजलेल्या खिडक्या. उजवीकडं बाकी सगळं: मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, खोटं छत, पडदे, दिवे.

कर्ज डावीकडच्यासाठी. ही कामं नीट केली तर पंधरा-वीस वर्षं टिकतात, न केली तर दरवर्षी वाढतात आणि राहायला गेल्यावर करायची म्हटली तर सगळं घर पुन्हा उखडावं लागतं. उजवीकडचं बोनस मिळेल तेव्हा, दिवाळीला, पुढच्या वर्षी. आईच्या जुन्या स्टीलच्या मांडणीवर आमचा दोन वर्षं उत्तम संसार झाला. बँकाही गृहसुधार कर्ज साधारणपणे घराला कायम जोडलेल्या कामांसाठीच देतात. सुटं फर्निचर आणि उपकरणं त्यात बसवायला गेलात तर अंदाजपत्रक परत येतं.

दीडपटीचा हिशेब

आता मूळ प्रश्न: मोडकळीचं घर घेऊन दुरुस्त करायचं, की थोडं जास्त देऊन तयार घर घ्यायचं?

त्याच भागात, तेवढ्याच क्षेत्रफळाचं, राहण्याजोगं घर आम्हाला ८४ लाखांना मिळत होतं. फरक १२ लाख. त्यावरचं ७ टक्के मुद्रांक शुल्क ८४ हजार. म्हणजे जुनं घेतल्यानं वाचले १२ लाख ८४ हजार. दुसऱ्या बाजूला दुरुस्तीचा अंदाज ८ लाख. त्यावर अचानक निघणाऱ्या कामांसाठी २० टक्के, १ लाख ६० हजार. हे २० टक्के चैनीचे नाहीत, टाइल उखडल्याशिवाय खालचं कळतच नाही. काम चालू असताना तीन महिन्यांचं भाडं ६६ हजार. कर्जाची प्रक्रिया फी, मूल्यांकन, कागदपत्रं असे २० हजार. एकूण १० लाख ४६ हजार.

वाचले साधारण २ लाख ३८ हजार. एवढ्यासाठी तीन महिने धूळ, गवंड्याच्या मागे धावणं, घरभाडं आणि गृहकर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणं. आम्हाला ते घर जागेसाठी हवं होतं, शाळा आणि सासूबाईंचा दवाखाना चालत अंतरावर, म्हणून घेतलं. नुसत्या पैशासाठी असतं तर कदाचित सोडलं असतं. तेव्हापासून मी सगळ्यांना एक ढोबळ माप सांगते: दोन घरांच्या किमतीतला फरक दुरुस्तीच्या अंदाजाच्या किमान दीडपट हवा. आमचा बरोबर दीडपट होता, म्हणजे अगदी काठावर. त्याहून कमी असेल तर तयार घर बघा.

आता व्याज

आठ लाख हवेत. तीन वाटा घेऊ, दर उदाहरणादाखल धरलेत.

गृहकर्जातच वाढवून घेतले, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता ६,९४३ रुपये. ऐकायला किती गोड! एकूण व्याज ८ लाख ६६ हजार, मुदलाहून जास्त.

वैयक्तिक कर्ज, १३ टक्के, ५ वर्षं: हप्ता १८,२०२ रुपये, एकूण व्याज २ लाख ९२ हजार.

गृहसुधार कर्ज, ९ टक्के, ५ वर्षं: हप्ता १६,६०७ रुपये, एकूण व्याज १ लाख ९६ हजार. हेच १० वर्षं केलं तर हप्ता १०,१३४ वर येतो आणि व्याज ४ लाख १६ हजारांवर जातं.

सगळ्यांत कमी दराचं कर्ज सगळ्यांत महाग पडलं. दोष दराचा नाही, मुदतीचा. म्हणून गृहकर्जावर टॉप-अप घेतलं तरी चालेल, फक्त ते वेगळ्या खात्यावर, पाच-सात वर्षांच्या मुदतीत घ्या. हप्ता झेपत नसेल तर बदलत्या दराचं कर्ज लांब मुदतीचं घेऊन जमेल तसे पैसे आधी भरत जा. व्यक्तीनं स्वतःसाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं, तिथं दंडाचं कलम करारात शोधून वाचा. दीड-दोन लाखांचंच काम असेल आणि दोन वर्षांत फेडणार असाल, तर मात्र वैयक्तिक कर्ज बरं. मूल्यांकन आणि कागदांची यातायात वाचते.

दोन्ही हप्ते मिळून घरात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांवर जात असतील तर दुरुस्ती टप्प्यांत करा. यंदा पाणी आणि वीज, पुढच्या वर्षी फरशी.

करसवलतीच्या भरवशावर तर बसूच नका. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती-कर्जाच्या व्याजावर वर्षाला फक्त ३० हजारांची वजावट आहे, आणि तीही गृहकर्जाच्या २ लाखांच्या मर्यादेच्या आतच. ५७ लाखांच्या गृहकर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजच चार लाखांवर जातं, म्हणजे ती मर्यादा आधीच भरलेली. नव्या प्रणालीत राहत्या घराला ही वजावटच नाही. मुदलावरची ८०-सीची सवलत दुरुस्तीच्या कर्जाला लागू नव्हतीच. तरी बिलं जपून ठेवा. घर विकताना भांडवली नफा काढायचा असतो, तेव्हा घरात केलेली कायमस्वरूपी सुधारणा खर्चात धरता येते. रोखीनं, बिलाशिवाय केलेलं काम तिथं दाखवता येत नाही.

बँकेच्या टेबलावर

कागद असे लागतात: खरेदीखत आणि आधीच्या मालकांच्या करारांची साखळी, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र, कर पावती, इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला). जुन्या इमारतींत घोडं पेंड खातं ते शेवटच्या कागदापाशी. भोगवटा पत्र सोसायटीच्या कपाटात नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागातून नक्कल मिळवावी लागते. टोकन देण्याआधीच हे बघा. बँक इमारतीचं उरलेलं आयुष्यही बघते आणि त्याप्रमाणे मुदत कमी करते. मूल्यांकन करणाऱ्यानं मुदत छाटली तर रागावू नका, तो फुकटात दिलेला सल्ला आहे.

पैसे एकदम मिळत नाहीत. काम जसं पुढं जाईल तसे टप्प्यानं येतात, आणि पुढचा टप्पा माणूस येऊन बघून गेल्यावर. ठेकेदार मात्र पहिल्याच दिवशी निम्मे मागतो. या दोन वेळापत्रकांचा मेळ घालणं हे तुमचं काम, त्यामुळं ठेकेदाराशी करार करताना बँकेचे टप्पेच त्याचे टप्पे ठरवा. अंदाजपत्रक 'बाथरूम पूर्ण, लमसम' असं घेऊ नका. चौरस फूट, पाइपचा प्रकार आणि व्यास, वॉटरप्रूफिंगचे थर, राडारोडा उचलण्याचा खर्च कुणाचा, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. आमच्या राडारोड्याचे अकरा हजार कुणीच धरले नव्हते.

गावाकडचं वडिलोपार्जित घर असेल तर आकड्यांआधी नावं तपासा. सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवर चुलते, आत्या, चुलतभाऊ असतील तर त्यांच्या सहीशिवाय बँक तारण घेणार नाही. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेतून, २०२० पासून, मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. तुमच्या घराची निघाली असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर आधी ती काढा, कौलं मग बदलू.

टाइल बसवण्याआधीचे दोन दिवस

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की नहाणीचं तोंड बंद करून चार बोटं पाणी भरा आणि ४८ तास तसंच ठेवा. ठेकेदार कुरकुरेल, दोन दिवस फुकट जातात म्हणेल. जाऊ द्या. त्या दोन दिवसांत खाली जाऊन छत बघायचं. आमच्या वेळी पहिल्या प्रयत्नात कोपऱ्यात ओल आली, सगळा कोबा पुन्हा करावा लागला. टाइल बसल्यावर कळलं असतं तर चाळीस हजारांचं काम परत करावं लागलं असतं.

आणि ठेकेदाराच्या पैशातले पाच ते दहा टक्के पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचे, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या. काम मार्चमध्ये संपलं तेव्हा आम्ही चाळीस हजार थांबवले. जूनअखेरीला तीन दिवस धो धो पडला, मागच्या खोलीच्या खिडकीखाली ओल फुटली. फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस हजर. खिडकीच्या चौकटीचा सांधा भरला, बाहेरून पाणी मारून बघितलं. पैसे ऑगस्टमध्ये दिले, आणि खालच्या काकूंनी त्या बादलीत तुळस लावली.